इंजेक्टेबल बोन सिमेंट उन्हाळ्यात सिरिंजमध्येच घट्ट होतंय, टेस्टिंग कसं करू?

शिरपूर_एमफार्म: राम राम मंडळी. माझं प्रोजेक्ट हाडातले छोटे खड्डे भरायच्या सिमेंटवर आहे, अल्फा-टीसीपीची (एक प्रकारचं कॅल्शियम फॉस्फेट) पावडर आणि २.५ टक्के डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं पाणी. थंडीत मस्त चालू होतं, आता एप्रिल लागला, लॅबमधला कूलर नुसता आवाज करतो आणि पेस्ट सिरिंजमध्येच सेट होतेय. दुसरी कटकट, दाबलं की आधी पांढरट पाणी येतं न मागे कोरडा गोळा अडकून बसतो. गाईड म्हणतात पाणी वाढव, वाढवलं की स्ट्रेंग्थ पडते.

सिरॅमिकवाला_भो: भो, हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकत्र नको धरू. सेटिंग ही केमिकल रिॲक्शन, गरमीत पळणारच, मग जानेवारीचे न एप्रिलचे आकडे एकाच टेबलात टाकले तर व्हायवात पकडतील ना. पावडर, लिक्विड, सिरिंज सगळं एका ठरलेल्या तापमानाला ठेव, आइसबॉक्स वापर पाहिजे तर, पण मिसळल्यावर सॅम्पल ३७ डिग्रीला दमट डब्यात. सेटिंग मोजायची गिलमोरची हलकी सुई ११३.४ ग्रॅमची, पेस्टवर तिचा ठसा उमटायचा थांबला की सर्जनच्या हातातला वेळ संपला समज.
पाणी आधी येतं ते फिल्टर प्रेसिंग, दाबाने पाणी कणांमधून निसटतं न कण तिथेच राहतात. पाणी वाढवणं म्हणजे सोपा न वाईट उपाय, त्या पाण्याच्या जागी नंतर छिद्रं राहतात, तडा तिथूनच जातो. त्यापेक्षा थोडं सोडियम सायट्रेट घालून बघ, कणांवर निगेटिव्ह चार्ज येतो, ते एकमेकांना ढकलतात, कमी पाण्यात पेस्ट वाहते. एचपीएमसीने (सेल्युलोजपासून बनवलेली पावडर) लिक्विड जाड होतं पण सेटिंग लांबतं, तुला सध्या तेच पाहिजे म्हणा 😄

ऑर्थो_जळगाव: स्ट्रेंग्थच्या एवढं मागे का लागलास? आमच्याकडे केळीच्या ट्रॉलीवरून पडलेले येतात, टिबियल प्लॅटोचा, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या वरच्या टोकाचा, दबलेला भाग उचलला की खाली पोकळी उरते, ती भरायला हे लागतं. प्लेट-स्क्रू असतातच, आणि आतलं जाळीदार हाड स्वतःच साधारण २ ते १२ मेगापास्कल दाब सोसणारं. मला भीती रक्ताची. पेस्ट सेट व्हायच्या आत विस्कटून सांध्यात गेली तर भानगड. वॉशआउट टेस्ट कर, मिसळल्याबरोबर ३७ डिग्रीच्या रिंगरमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारं पाणी) सोड, हलवत ठेव, सुटलेली पावडर वाळवून वजन कर. आणि स्ट्रेंग्थ मोजताना सिमेंटचे सिलिंडर ओलेच दाब, वाळवले की आकडे फुगतात.

शिरपूर_एमफार्म: सर, वॉशआउट टाकतो प्रोटोकॉलमध्ये. पुढे सशाच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याजवळ, ६ मिमीचं भोक पाडून भरायचंय. काही भोकं रिकामी ठेवायचीच का? उगाच ससे वाया जातात असं इथे म्हणतात.

हिस्टो_ताई: ठेवायचीच रे बाबा! सशाचं हाड स्वतःच भरभर भरतं, रिकामं भोक नसेल तर सिमेंटने भरलं की सशाने हे कळणार कसं? ससे पूर्ण वाढलेले घे, काम सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) नोंदलेल्या ॲनिमल हाउसमध्येच न तिथल्या कमिटीची मंजुरी आधी. एक्स-रेवर पांढरं दिसलं म्हणून नाचू नको, सिमेंटही पांढरंच दिसतं. आणि स्लाइडसाठी हाड ॲसिडमध्ये डिकॅल्सिफाय केलंस, म्हणजे त्यातलं कॅल्शियम काढलंस, तर सिमेंटही त्यातच विरघळून जाईल, तेव्हा रेझिनमध्ये बसवून कापणारी लॅब आत्ताच शोध, नंबर लागायला वेळ जातो.