बदलापूर, अंबरनाथ की डोंबिवलीचा तो 27 गावांचा पट्टा? जनगणनेचं एक्सेल केलंय पण आता जास्तच गोंधळलोय

हक्काचं_घर_कधी:
नमस्कार मंडळी. डोंबिवली ईस्टला भाड्याने राहतो, मी कुर्ल्याला कामाला, बायको ठाण्याला, मुलगी पुढच्या वर्षी ज्युनिअर केजीत. बजेट ओढूनताणून 38 लाख. ज्या एजंटला विचारावं तो म्हणतो हाच एरिया डेव्हलप होतोय, दुसरा कुठला नाहीच, म्हणून म्हटलं आपणच सरकारी आकडे काढू. जनगणनेच्या साइटवरून 2011 चा वॉर्डवाईज डेटा उतरवला, साक्षरता, घरात नळ आहे का, गटार झाकलेलं की उघडं, घराची अवस्था, टू-व्हीलर, कार, सगळ्याला मार्क दिले आणि बेरीज केली.
त्यात डोंबिवलीच्या बाहेरच्या 27 गावांच्या पट्ट्याचं काही जुळेना, कल्याण-डोंबिवलीच्या यादीत ती गावंच सापडत नाहीत. बदलापूरची साक्षरता डोंबिवलीपेक्षा बरीच कमी येतेय, जे ऐकून बदलापूरचा एक मित्र दोन दिवस बोलला नाही. आणि घराच्या अवस्थेत सगळीकडेच जवळपास सगळी घरं 'चांगली'. मग या आकड्यांवरून एरिया राहण्यासारखा आहे का हे कळतं तरी का? कुठला कॉलम ठेवू, कुठला उडवू? आणि डेटा इतका जुना, त्याचं काय?

चहा_कटिंग:
एवढं एक्सेल लग्नाच्या वेळी केलं होतंत का 😀

आकडेमोड:
भाऊ, मेहनत झकास, पण साक्षरतेचा कॉलम चुकलाय तुमचा, मी पैजेवर सांगतो. त्या शीटमधे साक्षर माणसांचा नुसता आकडा असतो आणि तुम्ही तो एकूण लोकसंख्येने भागला असणार. जनगणनेत साक्षरता मोजतात 7 वर्षं आणि वरच्या लोकांत, म्हणून 0 ते 6 वयाची मुलं आधी वजा करायची, त्यांचा कॉलम तिथेच शेजारी आहे. समजा 100 माणसांत 12 चिल्लीपिल्ली आणि 80 साक्षर, तर तुमच्या हिशोबाने आले 80 टक्के, खरे आहेत 88 पैकी 80 म्हणजे 91 टक्के. जिथे तरुण जोडपी जास्त तिथे लहान मुलं जास्त, मग चुकीच्या भागाकाराने तोच एरिया अडाणी दिसतो. मित्राला फोन करून सॉरी म्हणा. आणि तो 0-6 चा कॉलम उडवू नका, तिथे तेव्हा किती लहान पोरं होती याचा अंदाज त्यातूनच येतो.

27 गावं का सापडत नाहीत ते सोपंय. ती 1983 ला पालिकेत गेली, 2002 ला बाहेर काढली आणि 2015 ला परत आत घेतली. म्हणजे 2011 ची मोजणी झाली तेव्हा ती कल्याण-डोंबिवलीत नव्हतीच, काही गाव म्हणून आणि काही 'सेन्सस टाऊन' (शहरासारखं, पण पालिका नसलेलं गाव) म्हणून वेगळी मोजली गेली. तालुक्याच्या यादीत एकेक नावाने शोधा, मिळतील. पण खरं सांगू का, त्या पट्ट्यासाठी 2011 बघण्यात अर्थच नाही, तेव्हाची शेतं आता टॉवर झालीत. बदलापूरचंही तेच, 2001 ला लाखाच्या आत होतं, 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, पुढे किती वाढलं ते स्टेशनवर उभं राहिलं की दिसतंच. 2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली, आता संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, वॉर्डवाईज तक्ते हातात यायला त्यापुढेही वेळ जाणार.

अजून एक, प्रवासाचा तक्ता सापडला असेल तर त्यावर मार्क देऊ नका. घर ते कामाची जागा किती किलोमीटर आणि कशाने जाता हे 2011 ला विचारलं होतं, बी-28 नावाचा तक्ता आहे, भारी आहे, पण तो जिल्ह्याचा आहे. आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे 1 कोटी 10 लाख लोक, पालघर वेगळा झाला 2014 ला. मीरा रोडचा लोकलवाला आणि मोखाड्याचा पायी जाणारा एकाच बेरजेत.

खडूवाली_बाई:
आकडेमोड यांनी छान सांगितलंय, मी फक्त आतली गोष्ट सांगते, कारण 2010 च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीला (घरांची मोजणी) आम्ही शिक्षकच फिरलो होतो, भर उन्हात, जिने चढून. 'घराची अवस्था' या रकान्यात तीनच पर्याय होते, चांगलं, राहण्यायोग्य आणि मोडकळीला आलेलं. काही दुरुस्ती लागत नसेल तर चांगलं, किरकोळ लागत असेल तर राहण्यायोग्य. आता मला सांगा, दारात उभी असलेली बाई स्वतःच्या घराला 'चांगलं' सोडून काय म्हणणार? आणि मी काय इंजिनिअर? भिंतीला ओल दिसली तरी तिने चांगलं म्हटलं की मी चांगलं लिहायचे. नवीन बिल्डिंगांच्या वॉर्डात हा रकाना तसाही कामाचा नाही, तो उडवाच.

नळाचंही ऐका. पाण्याचा मुख्य स्रोत कुठला आणि तो घराच्या आवारात आहे, जवळ आहे की लांब (शहरात 100 मीटरच्या पलीकडे म्हणजे लांब), एवढंच विचारलं होतं. किती तास येतं, रोज येतं की दिवसाआड, चौथ्या मजल्यावर चढतं का, हे नव्हतं. म्हणजे ज्या सोसायटीत दिवसाआड अर्धा तास पाणी ती पण नळवाली आणि 24 तासवाली पण नळवाली.

एक रकाना मात्र ठेवा. गटार, झाकलेलं की उघडं की नाहीच. ते डोळ्यांनी दिसायचं आणि त्यात कुणाला लाज वाटून खोटं सांगावंसं वाटत नसे, त्यामुळे तो आकडा त्यातल्या त्यात खरा. आणि रिकाम्या घरांचा आकडा काढा, तो बहुतेक लोक बघतच नाहीत. कुलूप लावून कामाला गेलेत ते वेगळं आणि कुणी राहतच नाही ते वेगळं, असे दोन प्रकार लिहायचे होते. देशभरात त्या वेळी अडीच कोटींच्या आसपास घरं रिकामी निघाली. आमच्या वाट्याला आलेल्या गटात एका अख्ख्या विंगमधे तीन बिऱ्हाडं होती, बाकी सगळी इन्व्हेस्टरची. रात्री खिडक्या काळ्या, लिफ्ट बंद आणि मेंटेनन्स त्या तिघांच्या डोक्यावर.

हक्काचं_घर_कधी:
ताई, काळ्या खिडक्यांचं एकदम पटलं. आणि हो, मुलं वजा केली, बदलापूर वर आलं, मित्राला वडापाव द्यावा लागणार. पण मग जुन्या डेटातले अर्धे कॉलम गेले, आता नवीन कुठून आणू?

इंडेक्स_टू:
नवीन डेटा भरपूर आहे हो, फक्त तो जनगणनेत नाही. पहिलं महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिची साइट. प्रोजेक्टचं नाव टाका, एकूण फ्लॅट किती, बुक किती झाले, ताब्याची तारीख आधी काय होती आणि नंतर किती वेळा पुढे ढकलली, कोर्टकेस आहे का, सगळं तिथे दिसतं. एका एरियातले दहा प्रोजेक्ट काढून त्यांच्या तारखा एकाखाली एक लावा, तिथला बिल्डर लोकांचा स्वभाव कळतो. पण नुसता रेरा नंबर आहे म्हणून टोकन देऊन मोकळे होऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवत असेल, बनावट परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले होते, हायकोर्टाने 2024 मधे पाडायचे आदेश दिले, लोक कर्ज फेडत बसलेत. तेव्हा बांधकाम परवानगी खरी आहे का हे महापालिकेत जाऊन विचारायचं, 27 गावांच्या पट्ट्यात तर नक्कीच. आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर किंवा 8 फ्लॅटपर्यंत असेल तर रेराची सक्तीच नाही, अशा छोट्या बिल्डिंगा रेराच्या यादीत दिसणार नाहीत.

दुसरं, नोंदणी विभागाचा फ्री सर्च. सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या जमिनीवरच्या दस्तांची सूची क्रमांक 2 (दस्ताचा सारांश) निघते, फ्लॅट कितीला गेला ते रुपयात. रेडी रेकनर (सरकारी दरांचा तक्ता) बघून भाव ठरवू नका, तो स्टॅम्प ड्युटीसाठी असतो. त्याच सर्चमधे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाड्याचे, करारही येतात. माझा आवडता खेळ हाच आहे, वर्षाचं भाडं भागिले किंमत. समजा 32 लाखांचा वन बीएचके 9 हजाराने जातोय, म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार, साडेतीन टक्क्यांच्या आत. आता शेजारच्या दोन एरियात किंमत सारखी पण एकात भाडं 9 आणि दुसऱ्यात 6 असेल, तर दुसऱ्यात राहायला माणूस येत नाहीये, नुसता विकत घ्यायला येतोय. भाडेकरूला इमोशन नसतं, त्याला पाणी आणि ट्रेन लागते.

सातबाराची_फास्ट:
बदलापूर वेस्टला 11 वर्षं राहतोय. वरचे सगळे आकडे बरोबर असतील पण कल्याणच्या पुढे बदलापूरपर्यंत दोनच रूळ आहेत, त्यावरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या पण जातात, तिसरी-चौथी लाइन कधीची होतेय. सकाळी बदलापूर लोकल प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा आत अंबरनाथहून उलट्या दिशेने बसून आलेले आधीच सीटवर असतात, मग दारात भांडणं. तुम्ही कुर्ल्याला जाणार ना, एकदा सोमवारी सकाळी सातला येऊन चढून दाखवा, रविवारी दुपारी फ्लॅट बघायला येणाऱ्यांना हे कळत नाही. वहिनींचं ठाणं त्यातल्या त्यात बरं पडेल.

दुसरं म्हणजे नदी. 2005 ची 26 जुलै तर सोडाच, 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या इथेच वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं काढली त्यातून. वेस्टला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बाजूला उल्हास चढते. बिल्डरला निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखव म्हणायचं, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. निळीच्या आत असेल तर नमस्कार करून निघा. आणि तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

हक्काचं_घर_कधी:
हे कशालाच माझ्याकडे कॉलम नव्हता 🙏 अंबरनाथ ईस्टला एक रीसेल बघितलाय, बिल्डिंग 8 वर्षांची, रविवारी परत जातोय. तिथे नक्की काय मागू?

खडूवाली_बाई:
रविवारी नको, बुधवारी रात्री साडेनऊला जा आणि रस्त्यावरून दिवे मोजा.

सातबाराची_फास्ट:
आणि विकणाऱ्याकडून सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागा, सभासद म्हणून त्याच्याकडे असतातच. त्यात 'पाणी टँकर' अशी ओळ आहे का बघा, आणि एप्रिल-मेमधे किती खर्च पडलाय तो. द्यायला टाळाटाळ केली तर तेही एक्सेलमधे लिहा.