एक पट्टा तुझा, एक माझा: एकत्र विणलेली पांघरुणं आणि घरची शिवणकामं

ताईनं आणि मी मिळून विणलेलं क्रोशाचं पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण गेल्या महिन्यात पूर्ण झालं. त्या कामात ज्या गोष्टी कळल्या, त्यातल्या निम्म्या कुठल्याही नमुन्यात लिहिलेल्या नव्हत्या. दोघी-तिघींनी मिळून एकच वस्तू विणली असेल, घरी पिशवी, उशीचा अभ्रा, पडदा असं काही शिवलं असेल, तर अनुभव लिहा. बिघडलेलं आधी लिहा, कारण शिकायला तेच उपयोगी पडतं. सुरुवात मी करते.

आमचं ठरलं ते असं: खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, त्याच्या सहा ओळींचा एक पट्टा. एक तिचा, एक माझा, असे अठरा. ५ मिलिमीटरची सुई, ओळीत १६० खांब, रुंदी १२० सेंटीमीटरच्या आसपास. चार पट्टे झाल्यावर पलंगावर अंथरलं आणि दोघी गप्प झालो. तिचे पट्टे आत ओढलेले, माझे बाहेर पसरलेले. टेप लावली तर तिचा ११३ सेंटीमीटर, माझा १२३. मला वाटलं तिचे टाके गळले, तिला वाटलं माझे वाढले. मोजले तर दोन्हीकडे १६०. फरक फक्त हाताचा होता. ताई लोकर करंगळीला दोनदा गुंडाळते, मी एकदाच बोटांवरून घेते, एवढ्यानं ओळीमागे दहा सेंटीमीटर!

"ताई, जरा सैल विण ना," असं मी म्हटलं. तिनं मन लावून दोन ओळी सैल घातल्या, तिसऱ्या ओळीला ये रे माझ्या मागल्या. हात इतक्या सहजी बदलत नाही. मग तिला ५.५ मिलिमीटरची सुई दिली, माझी ५चीच ठेवली आणि पुढचे पट्टे एकमेकांना लागून सरळ आले. आधीचे उसवायचे म्हटले तर मधला पट्टा एकटा निघत नाही, वरचं सगळं उसवावं लागतं. २४ ओळी, ३,८४० खांब. तो भाग पायाकडे ठेवला.

दुसरी चूक मात्र माझी होती. ओळ उलटल्यावर आपण तीन साखळ्या घालतो, त्या पहिला खांब म्हणून धरतो. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळीच्या डोक्यात घालायचा असतो. तिथे टाका आहे हे चटकन दिसत नाही, आणि मी तो सोडत होते. पुढच्या माझ्या पट्ट्याच्या अखेरीस १५४ खांब उरले. सहा ओळी, सहा खांब गायब. तेव्हापासून दर वीस खांबांवर वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवतो. ओळ संपली की आठ भाग तपासायचे, १६० मोजत बसायचं नाही.

*

वीण घट्ट-सैल होण्याबद्दल आणखी एक. आम्ही दोघी जावा मिळून विणतो आणि आता आधी दोघी वेगवेगळे नमुन्याचे चौकोन विणतो. १० सेंटीमीटरमध्ये किती खांब, किती ओळी हे मोजतो. चौकोन जरा मोठाच घ्यावा, १५ सेंटीमीटरचा, आणि मधले १० मोजावेत, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले असतात. तो धुवून, वाळवून मग मोजायचा. मला हे पूर्वी वेळ घालवणं वाटायचं. एकदा ४० ओळी उसवल्यावर मत बदललं.

पायाच्या, म्हणजे सगळ्यात आधी घालायच्या साखळीचंही सांगते. ती बहुतेकांची घट्ट होते आणि पांघरुणाची सुरुवातीची कड कमानीसारखी वाकते. फक्त साखळीसाठी अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई घ्या.

*

मी आणि माझी मुलगी वेगवेगळ्या शहरांत राहतो. आम्ही तापमानाचं पांघरूण केलं. म्हणजे रोज एक ओळ, त्या दिवसाच्या कमाल तापमानाला ठरवलेल्या रंगाची. वर्षभराच्या ३६५ ओळी. बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि शेवटी जोडणी. विषम महिने तिचे, सम माझे, तिच्या भागात तिच्या शहराचं हवामान, माझ्यात माझ्या.

सुरू करण्याआधी गणित करा, ही कळकळीची विनंती. खांबाची ओळ साधारण दीड सेंटीमीटर उंच होते, म्हणजे ३६५ ओळींचं पांघरूण साडेपाच मीटर! आम्ही मुका खांब, म्हणजे खांबापेक्षा बुटका टाका, घेतला. त्याची ओळ सहा मिलिमीटरच्या आसपास बसली आणि लांबी २१९ सेंटीमीटर आली. दर चार अंशांना एक रंग, असे आठ रंग.

फसलो ते रंगात. उन्हाळ्याची गडद केशरी लोकर संपली म्हणून त्याच क्रमांकाची परत घेतली. हातात दोन्ही गुंडे सारखे दिसत होते. विणल्यावर मात्र एका ओळीपासून रंग किंचित विटकरी झाला. लेबलवर छटेच्या क्रमांकाशिवाय रंगाईच्या घाण्याचाही, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचाही, क्रमांक असतो, तो वेगळा होता. एका घाण्याची लोकर दुसरीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. साध्या पट्ट्यांत जुनी-नवी लोकर दोन-दोन ओळी आलटून पालटून घातली की फरक विरघळतो. आमच्याकडे एका दिवसाची एकच ओळ, म्हणून तो भाग उसवून नवी लोकर महिना बदलतो तिथून सुरू केली.

फोनवर आमचं पूर्वी "जेवलीस का, बरी आहेस ना" एवढंच व्हायचं. त्या वर्षी रोज रात्री ती विचारायची, "आई, आज कुठला रंग?" आणि मग तासभर बोलायची. पांघरूण तिच्याकडे आहे. माझ्याकडे उरलेल्या लोकरीचे आठ छोटे गुंडे आहेत, ते मी कुणाला देत नाही.

*

शब्दांचा घोळ आमच्या वाट्याला आला. मावसबहिणीनं इंग्रजी नमुना पाठवला, आम्ही दोघींनी अर्धा-अर्धा विणला. तिचा भाग माझ्या दुप्पट उंच. अमेरिकन नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाचा अर्थ मुका खांब. मी ब्रिटिश समजून विणलं. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आला की तो अमेरिकन समजावा, ब्रिटिश पद्धतीत तो टाक्याच्या नावात नसतो. आता आम्ही आधी सगळं साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असं मराठीत लिहून घेतो.

*

मी विणत नाही, शिवतो. वडिलांचं शिलाई मशीन घरात होतं, ते गेल्यावर दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. २०२० मध्ये घरच्यांसाठी मास्क शिवायचे म्हणून झाकण काढलं. तीन चुण्यांचे, दुपदरी सुती. नाडीसाठी इलॅस्टिक मिळत नव्हतं, म्हणून जुन्या टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापून ताणल्या. त्या आपोआप गुंडाळल्या जाऊन गोल नाडी होते. पन्नासेक मास्क झाल्यावर टीप सरळ यायला लागली.

मग स्वतःच्या जीन्सची लांबी कमी करायला घेतली आणि एका संध्याकाळी तीन सुया मोडल्या. दोष मशीनचा नव्हता, सुतासाठी लावलेली सुई तशीच राहिली होती. पाकिटावर ८०/१२, ९०/१४ असे आकडे असतात. त्यातला पहिला म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ८० म्हणजे ०.८० मिलिमीटर. साध्या सुतीला ८०, जाड कापडाला ९०, जीन्सच्या दुमडीला १००/१६. ताणणाऱ्या टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर मशीन टाके गाळतं.

बाजूच्या जाड शिवणीवर फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबून धरणारा भाग, चढताना पुढून उचललं जातं, मागे तिरकं होतं, आणि टाके तिथे बारीक-बारीक होऊन साचतात. त्यावर उपाय असा: सुई कापडात खाली ठेवून फूट उचलायचं, मागच्या बाजूला त्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची, फूट खाली घ्यायचं. फूट सपाट झालं की ते चार-पाच टाके हातचाक फिरवून घालायचे. वडील मोटर असूनही त्या जागी हातानंच चाक फिरवायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

*

वरच्या दादांचं वाचून मशीन उघडलं. माझी भर छोटी आहे: कापड धुतल्याशिवाय बेतू नका. मी पिशवीला बाहेरून जाड कॅनव्हास आणि आतून न धुतलेलं सुती अस्तर लावलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, कॅनव्हास तसाच राहिला, आणि पिशवीचं तोंड चुण्या पडून आत ओढलं गेलं.

*

शिकणाऱ्यांसाठी पहिली वस्तू म्हणून उशीचा अभ्रा सुचवते, चेन नसलेला, मागून एकमेकांवर येणाऱ्या दोन पाखांचा. उशी ४० सेंटीमीटरची असेल तर पुढचा तुकडा ४३ बाय ४३, म्हणजे सगळीकडून दीड सेंटीमीटर माया, शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. मागचे दोन तुकडे ४३ बाय २९. त्यांची एकेक लांब कड दोन सेंटीमीटर दुमडून शिवली की २७-२७ उरतात आणि मध्ये अकरा सेंटीमीटर एकमेकांवर येतात. यापेक्षा कमी घेतलं तर उशी मागून डोकावते. सुलटी बाजू आत ठेवून चारही बाजूंनी टीप. कोपऱ्यातली माया तिरपी कापा, टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर राखून, मग कोपरा टोकदार उलटतो.

माझ्या नातवानं वयाच्या नवव्या वर्षी असे दोन शिवले. पायडल त्याच्याकडे, कापड धरायचं काम माझ्याकडे. तो वेग वाढवायचा आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. एका अभ्र्याची एक बाजू लाटेसारखी आहे. तो त्याच्याच उशीला घातलाय.

*

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बाळासाठी आम्ही तिघींनी मिळून पांघरूण विणलं. बाळाचं असेल तर जाळीदार नमुना नको, हातापायाची बोटं अडकतात. हे आम्हाला पूर्ण झाल्यावर सुचलं. म्हणून मागे मऊ सुती अस्तर लावायचं ठरवलं आणि फक्त चारही कडांनी शिवलं. उचलून पाहिलं तर वीण स्वतःच्या वजनानं खाली लोंबलेली आणि अस्तर ताठ. क्रोशाची वीण ताणते, मागावरचं सुती कापड ताणत नाही, त्यामुळे दोघांना फक्त कडेनं बांधून चालत नाही. ते उसवलं, सपाट जमिनीवर पसरलं, वीण न ओढता जशी पडेल तशी पडू दिली आणि दर पंधरा सेंटीमीटरवर एकेक बारीक हातटाका घालत अस्तर आतून जोडत गेलो. गाठी अस्तराच्या आत. तिघींनी तीन बाजूंनी सुरुवात केली आणि मधोमध भेटलो.

*

ॲक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवू नका. एका फटक्यात वीण लुळी पडते आणि पूर्ववत होत नाही. चार महिन्यांचं काम होतं माझं.

*

लोकरीची सुटी टोकं लपवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मीच परत येते. आमच्या अठरा पट्ट्यांची ३६ टोकं होती. शेवटी एकदम बसायचं म्हटलं तर जीव जातो, म्हणून नियम केला: ज्याचा पट्टा, टोकं त्यानं लपवून मगच पांघरूण पुढे द्यायचं. टोक १५ सेंटीमीटर ठेवा. दाभणात ओवून त्याच रंगाच्या खांबांमधून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, परत डावीकडे न्या. एकाच दिशेनं ओवलेलं टोक धुण्यात सरकून बाहेर येतं.

आणि रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा खांब पूर्ण करायचा नाही. सुईवर शेवटचे दोन वेढे उरले की नवा रंग घेऊन त्यातून ओढायचा. पूर्ण करून मग बदललात तर नव्या पट्ट्याच्या पहिल्या खांबावर जुन्या रंगाची टिकली दिसते. आमच्या पहिल्या दोन पट्ट्यांवर अशा टिकल्या आहेत.

*

माझी नात डावखुरी आहे. तिला क्रोशे शिकवायला घेतलं तेव्हा मी तिला शेजारी बसवून दाखवत होते आणि तिचं सगळं उलटं पडत होतं. मग समोरासमोर बसलो. आरशात पाहावं तसं ती माझ्या हातांकडे बघत शिकली, दोन दिवसांत खांब यायला लागला.

एकत्र पांघरूण विणायचं तिनंच काढलं. मला काळजी होती की एकाच कामात दोन उलटे हात कसे चालणार. मी उजवीकडून डावीकडे विणते, ती डावीकडून उजवीकडे. एकदा माझी ओळ संपली, डाव्या कडेला लोकर लोंबत होती, आणि मी सवयीनं काम उलटायला गेले. ती म्हणाली, "आजी, उलटू नको, मला इथूनच सुरू करता येतं." खरंच की! माझी ओळ जिथे संपते तिथे तिची सुरुवात. तिची संपते तिथे माझी.

मग तसंच ठरवलं. एका पट्ट्यात दोन ओळी, जाताना माझी, येताना तिची. लोकर परत उजव्या कडेला येते आणि नवा रंग तिथून जोडायचा. एकटीनं विणताना दर ओळीला काम उलटावं लागतं, त्यामुळे एक ओळ सुलटी दिसते, एक उलटी. आमच्या पांघरुणात एकही ओळ उलटलेली नाही, सगळे खांब समोर तोंड करून. नीट पाहिलं तर माझ्या ओळीतले खांब किंचित एका बाजूला झुकलेले आहेत आणि तिच्या ओळीतले दुसऱ्या. तिची वीण अजून माझ्यापेक्षा घट्ट येते, म्हणून वरची युक्ती वाचून तिला अर्धा मिलिमीटर जाड सुई दिली आहे. सध्या बाविसावा पट्टा चालू आहे. माझी ओळ झाली आहे, ती शाळेतून आली की तिची.