सुधाकराला शोकात्म नायक म्हणावे काय?

वैनगंगाकाठ :
धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. यंदा गावच्या मंडळाने राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ बसवायला घेतले असून, सुधाकर हा शोकात्म नायक आहे की नुसता दारुडा, यावर तालीम अडली आहे. माझ्या मते तो शोकात्म नायकच आहे. हुशार वकील, सुखाचा संसार. पण कोर्टात मुन्सफाशी खटका उडून त्याची वकिलीची सनद काही काळ रद्द होते आणि तो अपमान न सोसवल्याने दारुड्या तळीरामाच्या नादाने तो पहिला पेला तोंडाला लावतो. दारू त्याला नंतर बुडवते, त्याचा मानी स्वभाव त्याआधीच बुडवून मोकळा झालेला असतो.

शेवटची रांग :
भाऊ, मानीपणा त्याचा, पण त्याची किंमत मोजली कोणी? त्याची बायको सिंधू लोकांचे दळण दळून घर चालवते, तान्हे मूल बापाच्या हातून जाते, आणि प्राण जाताना ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तरीही रात्री कवाड वाजले की काळजात धस्स का होते, हे इथल्या कितीतरी बायांना नाटक न पाहताही ठाऊक आहे. त्यांच्यासमोर सुधाकराला ‘शोकात्म’ म्हणणे म्हणजे गुन्ह्याला भारदस्त नाव देणे होय. मला विचाराल तर या नाटकातील शोकात्म व्यक्ती सिंधू आहे.

निवृत्त मास्तर :
ताईंचा संताप रास्त आहे, पण ‘शोकात्म नायक’ हे काही शाबासकीचे बिरूद नव्हे. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण सज्जनाचा नाश पाहून आपल्याला नुसता धक्का बसतो आणि दुर्जनाच्या नाशाने करुणा जागत नाही. म्हणून शोकांतिकेला या दोहोंच्या मधला, एखाद्या चुकीमुळे कोसळणारा माणूस लागतो. सिंधूची चूकच नसल्यामुळे तिची कथा करुण ठरते, शोकात्म नव्हे. मात्र वैनगंगाकाठ यांनी सनदेवर दिलेला भर मला पटत नाही. सुधाकर दारू सोडतो, काम मागत दारोदार फिरतो, सगळीकडून झिडकारला जातो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो, तेथे मला शोकांतिका दिसते, कारण त्या वेळी पेल्यात काय आहे हे त्याला पुरते कळलेले असते. लेखकाचा हेतू काय होता, हे नटांना विचारता आले नाही. गडकरी आपल्या सावनेरात 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले ते त्यानंतर.

शेवटची रांग :
गुरुजी, सिंधूची चूक नाही, हे तुम्ही फार लवकर मान्य केलेत. नवरा कसाही वागला तरी त्याला सोडायचे नाही, हा तिचा निर्धारच तिची चूक आहे. गडकऱ्यांनी तो गुण म्हणून रंगवला, म्हणून आपणही तसाच वाचावा काय? ज्या गुणाचे लोक कौतुक करतात त्याच गुणाने ती मरते, म्हणजे ती तुमच्याच कसोटीला उतरते.

वैनगंगाकाठ :
हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो खोडणे मला जमणार नाही. तरी एक फरक उरतो. सिंधूला आपली चूक शेवटपर्यंत चूक वाटत नाही. सुधाकराला वाटते, आणि ती उमगल्यावर तो विषाचा पेला घेतो. म्हणून शेवटच्या प्रवेशात त्याने झोकांड्या देऊ नयेत, असे मी मंडळाला सांगणार आहे. आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशांवर पोट धरून हसलेला प्रेक्षक तेथेही हसेल आणि सगळे वाया जाईल.

शेवटची रांग :
झोकांड्या जरूर वगळा. पण मागच्या तालमीत वेळ वाचवण्यासाठी सिंधूची जबानी अर्धी कापली होती, तेवढी परत घाला.