बीएफए (चित्रकलेची पदवी) करताना गॅलरीचं काम शिकायला मिळतं का?

तासगावकरीण
नमस्कार मंडळी, यंदा बारावी कॉमर्स दिली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आहे, आता आर्टची सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन पेंटिंगला जायचंय. पण मला नुसती चित्रं काढायची नाहीयेत, प्रदर्शन कसं लावतात, जुनी चित्रं कशी सांभाळतात ते पण शिकायचंय. दिवाळीत मावशीकडं मुंबईला गेलेले तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीला गेलो, तिथं एक पोरगा स्टुलावर उभा राहून फ्रेम टांगत होता, मी चित्रं सोडून त्यालाच बघत बसले. काका म्हणतात चार वर्षं घालवून शेवटी गणपतीच रंगवणार. पप्पा काहीच बोलत नाहीत, म्हणजे आमच्याकडं अर्धा होकार धरतात. डिग्रीबरोबर असं ट्रेनिंग मिळेल असं कुठं बघू, सांगली-कोल्हापूर का थेट पुणे-मुंबई?

कोरेगावचा रंगारी
काकांना सांग गणपती रंगवण्यात पण चांगले पैसे आहेत, सीझनला विचारा म्हणावं.
कॉमर्सचं टेन्शन नको, बारावी कुठल्याही शाखेची चालते. सीईटीत ऑब्जेक्ट (समोरची वस्तू बघून काढायची), मेमरी (आठवणीतनं प्रसंग काढायचा), डिझाइन आणि थिअरी, त्यात आपल्याकडची पोरं मेमरीला मार खातात. क्लासला जाऊन तीच ती पाणी भरणारी बाई पाठ करतात आणि पेपरात भाजीबाजार आला की गार. मिरज स्टँडवर रोज अर्धा तास बस, माणसं बघ, घरी येऊन काढ.
आता गॅलरीचं. माहितीपत्रकात ट्रेनिंग लिहिलंय एवढ्यावर जाऊ नको, वरच्या वर्गातल्या पोरांना गाठून विचार की तिथं हाताला काय काम मिळालं. मी तिसऱ्या वर्षाला एका गॅलरीत सहा महिने काढले, नाव नको, इंटर्नशिप म्हणायचे पण चार महिने चहा आणि कुरिअर. शिकलो ते तिथल्या पॅकिंगवाल्या मामांकडून. फ्रेम वरच्या पट्टीला धरून कधी उचलायची नाही, दोन्ही बाजूंनी धरायची. भिंतीला टेकवून ठेवताना तोंडाला तोंड, पाठीला पाठ, नाहीतर एकाचा हुक दुसऱ्याच्या कॅनव्हासमध्ये घुसलाच म्हणून समज. आणि खिळ्याचं गणित, हे लिहूनच घे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचावर धरायचा. फ्रेम ३० इंच उंच, मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ४ इंच खाली येते असं धर. ३० चे निम्मे १५, त्यातनं ४ गेले ११, म्हणजे खिळा ५७ अधिक ११, ६८ इंचावर. मामा शाळेत सातवीपर्यंतच, पण हे तोंडी करायचे.

कृष्णाकाठ
मी चित्रकलेची शिक्षिका होते, आता रिटायर. बाळ, कॉलेज निवडायच्या आधी एकदा औंधला जाऊन ये. साताऱ्याहून रहिमतपूरवरून रस्ता आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं, ते स्वतः चित्रं काढायचे. रविवर्म्यांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे, आणि हे सगळं एका छोट्या संस्थानाच्या गावात! पण तू नुसती चित्रं बघून येऊ नको. ऊन कुठून येतं, कुठल्या भिंतीला काय लावलंय, लेबल कुठल्या उंचीला आहे ते वहीत काढ. जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो, एवढं डोक्यात ठेवून बघ.
सांभाळण्याचं म्हणशील तर २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. सासऱ्यांची जलरंगातली निसर्गचित्रं भिजली आणि ह्यांनी घाईघाईत गच्चीवर उन्हात घातली, पापडासारखी वळली सगळी, दोन तर उचलतानाच फाटली. नंतर कळलं की सावलीत, वारा खेळता ठेवून, दोन ब्लॉटिंग पेपरच्या मधे, कागद बदलत बदलत सुकवायची. आधी माहीत असतं तर. हे शिकलेलं माणूस आपल्या नदीकाठच्या गावांत पाहिजेच गं.

विटा ते वडोदरा
दोघांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त सगळं डिग्रीतच शोधू नको. डिग्री चार वर्षं जवळ कर, घरचा खर्च वाचव, हात पक्का कर. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामावर शिकण्याला) क्रेडिट आलंय, तेव्हा ॲडमिशनच्या वेळी विचार की त्यासाठी पोरांना पाठवतात कुठं, प्रिंटिंग प्रेसला का म्युझियमला. पुढं मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि कॉन्झर्व्हेशनचा (जुन्या वस्तू जपण्याचा) पदव्युत्तर डिप्लोमा आहे, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाडमध्ये कलेचा इतिहास आणि क्युरेशन, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी शिकवतात. बडोद्याला तर म्युझिऑलॉजीचा विभाग १९५२ पासून आहे. आणि कलेच्या इतिहासाचा पेपर नुसता पास होण्यापुरता करू नको, मी तेच केलं आणि इथं बडोद्याला येऊन पहिल्यापासून वाचावं लागलं.

तासगावकरीण
दादा, बाई, सगळ्यांना थँक्यू. काल खिळ्याचं गणित करून बघितलं, काकांचा सोसायटीतल्या सत्काराचा फोटो, २० इंच उंच, तार ३ इंच खाली, म्हणून ६४ वर खिळा. बरोबर मध्यावर बसला. काका दोनदा लांब जाऊन बघून आले, गणपतीचं काही बोलले नाहीत. रविवारी औंधला चाललोय, पप्पाच म्हणाले, यमाईचं दर्शन पण होईल. टेप बरोबर घेतलाय.