टीव्हीवर बाई रांधते, बुवा चाखतो

झणझणीत:
'आम्ही सारे खवय्ये' २००७ साली झी मराठीवर सुरू झालं. सूत्रसंचालक प्रशांत दामले, रांधणाऱ्या बहुतेक बायका. आता ते शेवटचं दृश्य आठवा. ताई बशी पुढे करतात, दामले घास तोंडात टाकून डोळे मिटतात, आणि ताई हातातलं फडकं चुरगाळत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. मान डोलली की जीव भांड्यात! अशा कार्यक्रमांत तिला हमखास विचारणार, 'घरी कुणाला जास्त आवडतं?' हॉटेलातला शेफ आला की मात्र 'कुठे शिकलात?' तिचं कौशल्य म्हणजे माया, त्याचं म्हणजे विद्या. माझा आक्षेप याला आहे. 'खाना खजाना'च्या वेळी संजीव कपूर सांगणार आणि वीस वर्षं चूल सांभाळलेल्या बायका वही-पेन घेऊन बसणार, हे नव्वदच्या दशकात घरोघरी पाहिलंय.

खानदेशी वहिनी:
वही मीही घेऊन बसायचे. पनीर-मशरूम आम्हाला कोण शिकवणार होतं, सासूबाई? आणि दामले तिथे पाहुण्यासारखे होते. पाहुण्याने नावाजलं यात एवढं काय? माझी मावसबहीण अशाच एका कार्यक्रमात कळण्याची भाकरी करून आली. तोवर गावात ती 'अमक्याची सून' होती, नंतर लोक तिला नावाने ओळखायला लागले. 'मास्टरशेफ इंडिया'चा २०१० चा पहिला हंगाम पंकज भदौरियांनी जिंकला. लखनौच्या शिक्षिका, नोकरी सोडून आलेल्या. त्यांचीही मायाच दिसली का तुम्हाला?

झणझणीत:
त्या जिंकल्या, मान्य. पण निवाडा करायला कोण बसले होते? अक्षय कुमार, कुणाल कपूर, अजय चोप्रा.

नाक्यावरचा:
तुम्ही दोघंही मालिका विसरताय. 'अग्गंबाई सासूबाई'! आसावरी अख्खा जन्म बबड्यासाठी डबे भरते आणि तिला भेटतो तो अभिजित राजे, नामांकित शेफ. झणझणीत यांचं म्हणणं मालिकेनेच चितारून ठेवलंय.

खानदेशी वहिनी:
उलट आहे. बबड्याला अख्ख्या महाराष्ट्राने शिव्या घातल्या. आयतं गिळणारा मुलगा नालायक असतो, हे संध्याकाळच्या मालिकेने घराघरात पोचवलं. दहा परिसंवादांनी झालं नसतं.

झणझणीत:
शिव्या घातल्या खऱ्या, पण पुढचं वाक्य ऐकलंत का? 'आईनेच लाडावून ठेवलाय मेल्याला.' म्हणजे शेवटी खापर आसावरीच्याच माथी. आमच्या घरी तर हे म्हणणारे गृहस्थ ताटावरून न उठता म्हणत होते.

आकडेमोड:
सगळं टीव्हीवर ढकलू नका. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. मुळात करणारे पुरुषच थोडे. टीव्ही बंद केला म्हणून कुणी कणीक मळायला उठणार नाही.

नाक्यावरचा:
पण जाहिरातवाले याच आकड्यांवर जगतात ना? 'जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टीज से कैसे करे इन्कार.' प्रेम आहे तर कुकर आण. शिट्ट्या मोजायला ती आहेच.

खानदेशी वहिनी:
ती जुनी झाली हो.

झणझणीत:
मग नवी घ्या. डिसेंबर २०२२, विम ब्लॅक. मिलिंद सोमण जिममध्ये एका बहाद्दराला भेटतो, जो भांडी घासल्याची फुशारकी मारतोय. त्याला 'पुरुषांसाठी' म्हणून काळी बाटली! आत तेच विम.

खानदेशी वहिनी:
अहो, ती थट्टा होती. कंपनीनेच सांगितलं नंतर. फुशारकी मारणाऱ्याचीच टिंगल होती ती, तुमच्याच बाजूची.

झणझणीत:
टिंगल होती हे आधी किती जणांना कळलं? टीका झाल्यावर खुलासा आला. आणि कुठल्याही पाककृतीच्या कार्यक्रमात मोरीतला ढिगारा कधी दिसलाय का? पदार्थावर कोथिंबीर पडली की कॅमेरा बंद.

आकडेमोड:
आमच्याकडे भांडी माझ्याकडेच आहेत. बाटली पिवळीच आहे. फुशारकी मारायला जिम तेवढी जवळ नाही.