भुईमुगाला उभ्या पिकातच बुरशी लागते का?

शेंगवाला: शेंगा उपटून तिथेच फोडून बघितल्या तर काही दाण्यांवर हिरवट पिवळी भुकटी. बुरशी साठवणीत ओल लागली की येते असंच ऐकलंय, मग ही जमिनीतच कशी आली?

मातीतला: हो, उभ्या पिकातच येते. ही बहुतेक अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असणार, ती मातीत असतेच आणि भुईमुगाच्या आऱ्या (फुलानंतर खाली वाढणारे, टोकाला शेंग धरणारे दांडे) जमिनीत शिरल्या की शेंग पूर्णवेळ तिच्या शेजारीच वाढते. एरवी दाणा स्वतः बुरशीला रोखणारी द्रव्यं तयार करतो, पण शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला आणि माती तापली की दाण्यातला ओलावा कमी होतो, ती द्रव्यं बनणं थांबतं आणि बुरशीला रान मोकळं. त्यात वाळवीने किंवा अळीने टरफल पोखरलं असेल तर विचारूच नका.

कोवळी_आरी: रंग नीट बघा हं. काळी भुकटी असेल तर ती अ‍ॅस्परजिलस नायजर, दुसरी बुरशी, ती जास्त करून कोवळ्या रोपाचा जमिनीलगतचा भाग कुजवते. आणि बुंध्यापाशी पांढरे धागे न् मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची खोडकूज. तिघींवर उपाय वेगवेगळे आहेत, उगाच एकच औषध मारू नका.

शेंगवाला: हिरवट पिवळीच आहे. ते दाणे वेगळे काढून भाजले तर चालतील ना?

मातीतला: नाही हो, अजिबात नको! ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते, ते यकृतावर जातं, कॅन्सरही होतो. भाजल्याने थोडं कमी होईल पण जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले ते शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषाने, तेव्हाच तर ते सापडलं. त्यामुळे जनावरांनाही घालू नका. आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं, खात्री फक्त लॅब टेस्टनेच होते.

कोवळी_आरी: पुढच्या वेळी शेंगा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, आऱ्या सुटताना जिप्सम द्या म्हणजे कॅल्शियम मिळून टरफल नीट धरतं. काढणी लांबवू नका, उपटल्यावर वेल उलटे ठेवून शेंगा वर राहतील असे वाळवा आणि दाण्यातला ओलावा आठ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पोती भरू नका. फुटक्या, भोकं पडलेल्या शेंगा मात्र आत्ताच बाजूला काढा, सगळ्यात जास्त विष त्यांच्यातच असतं.