तिसरीतला मुलगा घ-ध मध्ये अडकतो, वर्गात काय करू?

प्रश्न : धायरीला मराठी शाळेत शिकवते, वर्गात ४२ मुलं. एक जण तोंडी सगळं सांगतो, पाढे, गोष्टी, सगळं, पण फळ्यावरचं उतरवायला दिलं की घ चा ध, भ चा म, ओळच सुटते आणि मग वही मिटून खिडकीकडे बघत बसतो. घरचे म्हणतात आळशी आहे. फार जीव तुटतो हो.

उत्तर १ : ताई, आळशी नाहीये तो. आधी डोळे-कान तपासून घ्यायला सांगा. ताटलीत रवा पसरून बोटाने घ काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचा, आणि घ पक्का होईपर्यंत ध ला हातच लावू नका, दोन्ही एकदम घेतले की गोंधळ वाढतो. फळ्यावरून उतरवणं बंद, मजकूर मोठ्या अक्षरात बाकावरच द्या. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली की ओळ सुटत नाही.

उत्तर २ : माझ्या मुलीचं सेम होतं. सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका प्लीज, ती शाळेत जायच्या आधी रडायची. तोंडी परीक्षा घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अशी अडचण येणं, हेही आहे, त्याचं सर्टिफिकेट असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो.

प्रश्नकर्ती : उद्याच रवा नेते.